लाल पहिले झोपस

नंदुरबारबाहेर, शेठच्या पथारीवर
बारा एकर मिरची वाळत पडलीय.
सगळे म्हणतात, जमीनच लाल झालीय.
असेल.
मला ती ओल्या गोणपाटाच्या रंगाची दिसते,
मधूनमधून जरा शेवाळी.

हे मी कुणाला सांगितलेलं नाही.
कंपनीने मला धुळ्याहून पाठवलंय
मिरची निवडणाऱ्या यंत्राला लाल शिकवायला.

यंत्र सोपं आहे.
पट्ट्यावरून मिरची घरंगळते, तिच्यावर पांढरा उजेड,
समोर भिंग, भिंगामागे चिमुकल्या खोल्यांची चाळ:
चारांत एक लालची, एक निळ्याची, हिरव्याला दोन,
कारण माणसाचा डोळाही हिरव्याकडे जास्त झुकतो.
प्रत्येक खोली फक्त उजेड मोजते, शून्य ते दोनशे पंचावन्न.
रंग म्हणून कुणी तिथे राहत नाही.
लाल एकशे ब्याऐंशी, हिरवा एकतीस, निळा अठ्ठावीस: पास.
लाल एकशे नव्वद, हिरवा एकशे पन्नास: फटकी.
हवेचा एक फुत्कार, की ती डावीकडच्या पिंपात.
आकड्यांवर माझा विश्वास आहे.
त्यांनी मला बारावीपासून लपवून ठेवलंय.

पिंपापाशी मोगीबाई वसावे बसते.
तेवीस हंगाम देठ खुडलेत तिने.
पिंपात हात घालून आठ मिरच्या काढल्या,
तीन चांगल्यात टाकल्या.
"हाई लाल से. हाई बी. आनि हाई बी."
मी म्हटलं, यंत्र नाही म्हणतंय.
"यंत्रले सांग, ह्या सावलीमा वाळेल सेतस."
मग कंप्रेसरच्या आवाजाआडून, हळूच:
"तुले लाल दखात नही ना रे भो?"
मी मान हलवली,
हो की नाही ते तिच्यावर सोडून.
"मिरचीले हात लावाना पहिले तू आकडा दखस,"
एवढंच म्हणाली, आणि पुन्हा पिंपात वाकली.

चार वाजता कुणीतरी शेडचं दार उघडं टाकलं.
तिरपं ऊन आत आलं, यंत्राला सगळंच लाल,
फटकीसुद्धा पास व्हायला लागली.
मग पांढरी फरशी समोर धरून पुन्हा सांगायचं:
बाबा रे, हे पांढरं. इथून मोज.
मोगीबाईच्या चुन्याच्या डबीतलं पांढरं
भर उन्हात पांढरं असतं, चिमणीच्या उजेडातही.
डोळा आलेला उजेड वजा करून बघतो.
परीक्षेत मला याचे सात मार्क मिळाले होते.

दिवे लागायच्या जरा आधी
पथारीवरच्या बायका देठ खुडायचं थांबवतात.
शेठ ओरडतो, अजून उजेड आहे की!
आहे.
पत्र्यावर आहे, निंबाच्या पानांवर आहे.
फक्त मिरचीतून गेलाय.
"लाल पहिले झोपस," मोगीबाई म्हणते,
"हिरवं मांगे."
पुस्तकात हेच होतं, लांबलचक:
शंकूपेशी मिटतात, दंडपेशी जाग्या राहतात,
आणि त्यांना लाल उजेडाची फारशी दाद नसते.
बारा एकर काळे होत जातात.
चाळीस बायका, हमाल, वॉचमन, खुद्द शेठ,
पाव तासभर सगळे
जवळजवळ माझ्या डोळ्यांनी बघतात.
कुणाला काही वाटत नाही.
कुणी बिडी पेटवतं, कुणी चप्पल शोधतं.

आत जाऊन मी लालची खालची मर्यादा
एकशे पंचेचाळीसवरून एकशे छत्तीसवर आणली.
तिच्या तिन्ही मिरच्या पट्ट्यावर सोडल्या. पास.
उद्यापासून निवडायला चाळीस नाही, बारा बायका लागतील.
बारांत ती आहे का, मी विचारलं नाही.

पट्टा थांबवताना धूळ उडाली,
आणि असा ठसका लागला
की भिंताड धरून उभा राहिलो, डोळ्यांतून धारा.
अंधारातून तिचा आवाज आला:
"हां. आते दखायनी तुले मिरची."