मंगळवारचं वजन

मी लिहिते त्या मालिकेत
दर मंगळवारी सव्वाआठला एक घर सावरतं.
तळ्याकाठचा विधुर पशुवैद्य, तीन पायांचा कुत्रा,
हट्टी मुलगी, एखादं आजारी कोकरू.
पंचेचाळीस मिनिटांत कोकरू उभं राहतं,
मुलगी बापाच्या खांद्यावर डोकं ठेवते
आणि कॅमेरा हळूच पाण्याकडे वळतो.
दुःखाला नेमून दिलेली पानं: चौतीस ते अडतीस.

नऊ वाजून दोन मिनिटांनी हुझुमहून आईचा फोन.
"थडग्यापाशी रडतं का गं कुणी?
मी रडले ती बॅटऱ्यांच्या खणापाशी.
चालू कुठल्या, संपलेल्या कुठल्या,
एकट्या डेटलेफला ठाऊक होतं."

मी ते वाक्य टिपून घेतलं.
लाज वाटली, तरी टिपलं.

बाबा गेले नोव्हेंबरात.
ओटिलियेला निजवून तीन आठवडे झाले होते.
ओटिलिये म्हणजे आमचं कासव, माझ्याहून अकरा वर्षांनी मोठी.
हिवाळाभर तिचा मुक्काम तळघरातल्या जुन्या फ्रिजमध्ये,
बीचच्या ओलसर पाचोळ्याखाली, पाच अंशांवर.
वरच्या कप्प्यात बाबांची बिअर,
खालच्या कप्प्यात ही.

अंत्यविधीनंतर हेनिंग बिअर आणायला खाली उतरला
आणि रिकाम्या हातांनी वर आला.
म्हणाला, विकून टाकू घर.
ते जनावर देऊन टाकू कुणाला तरी.
आईने पुढे चार महिने
त्याच्याशी शब्द काढला नाही.
माझ्या मालिकेत असा अबोला
जाहिरातीपर्यंतही टिकत नाही.

मार्चात गेले तेव्हा
फ्रिजशेजारी खिळ्याला तीच वही, सुतळीने बांधलेली पेन्सिल.
बाबांचं अक्षर, दाणे टिपल्यासारखं:
२१ ऑक्टोबर. १४१२ ग्रॅम. शांत.
४ नोव्हेंबर. १४०९. शांत.
मग एक कोरी ओळ.
आणि मग आईचं, उतरंडीला लागलेलं:
१८ नोव्हेंबर. १४०३. चष्मा सापडत नव्हता.
२ डिसेंबर. १४०१. मालिकेनंतर तोलली. आजचा भाग बरा.
२३ डिसेंबर. १३९८. हेनिंगचा फोन नाही. मीही केला नाही.
१३ जानेवारी. १३९३. हवा आत जावी म्हणून दार उघडलं,
जरा तिथेच बसले. दोघींना थंडी.

मी तीन वर्षं संवाद लिहून पोट भरते.
वही परत खिळ्याला अडकवली.

तिला उठवायच्या दिवशी हेनिंग आला.
कुणी बोलावलं नव्हतं.
समुद्रबांधावर मेंढ्यांच्या आधी पोचून
डँडेलायनची पानं खुडली होती, बूट चिखलाने जड.
दारातच उभा, पिशवी पुढे धरून.
आईने पिशवी घेतली, त्याच्याकडे न बघता.

टबात कोमट पाणी, त्यात ओटिलिये,
नदीतून उचलून आणलेल्या धोंड्यासारखी.
वीस मिनिटं. चाळीस.
वरच्या खोलीत टीव्ही आपला चालूच होता,
माझा पशुवैद्य कुणाची तरी समजूत घालत होता.
"पाणी गार झालंय का बघ," आई म्हणाली.
मला म्हणाली असं मला वाटलं.
हेनिंगने बाही वर सारून कोपर बुडवलं,
तान्ह्याच्या अंघोळीला बाबा बुडवायचे तसं.

तेवढ्यात एक डोळा उघडला.
तिने आम्हाला पाहिलं, एकेकाला, सावकाश,
चौथं कुणी आहे का ते शोधावं तसं.
(हे मी मालिकेत लिहिलं असतं तर आईने फोन करून सांगितलं असतं,
कासवं मोजत नाहीत.)
मग मान खाली घालून
बराच वेळ पाणी पीत राहिली.

१३७९. आकडा हेनिंगने लिहिला.
पेन्सिलीचं टोक मोडलं, सुरीने काढलं,
मग पुढे एकच शब्द: जागी.

वही मिटून तो फ्रिजचा प्लग काढायला वाकला.
"राहू दे चालू," आई म्हणाली.
"त्याच्या पाच बाटल्या आहेत अजून."