शनिवारी लोखंड

एक लाख सत्त्याऐंशी हजार मैल.
उभ्या उभ्या मी मनात किलोमीटर केले,
मग पृथ्वीच्या घेरानं भागले:
साडेसात प्रदक्षिणा.
हे आईला सांगायचं नाही, तिथेच ठरवलं.
साडेसात म्हटलं की पुढची वेलांटी तिला आपोआप दिसते.

आधीच वार शनिवार.
लोखंड आणि तेल, दोन्ही एकदमच,
पण विकणारा म्हणाला होता, शनिवारीच या,
रविवारी मी चर्चच्या स्वयंपाकघरात पिरोगी लाटतो.

ईरी, पेनसिल्व्हेनिया. मार्च.
सरोवर अजून पांढरं,
रस्त्याच्या कडांना मिठाचा थर.
डेल विचोरेक गॅरेजच्या दारात हात पुसत उभा.
गाडी धुतलेली नाही.
धुतली असती, म्हणाला,
तर तुम्हाला वाटलं असतं काहीतरी लपवतोय.

माझ्याबरोबर टायरेल, कामावरचा.
पुठ्ठा अंथरून टॉर्च घेऊन खाली सरकला,
बाहेर फक्त बूट.
बुटांकडून आवाज येत होता: "हं."
मग बराच वेळ काहीच नाही. मग पुन्हा "हं."
आमचे काका पत्रिका बघायचे, तसं.

सतरा हिवाळे या लोखंडानं मीठ खाल्लं,
खरं तर मिठानंच याला खाल्लं,
चाकांवरच्या कमानी उंदरानं कुरतडल्यासारख्या,
पण चासी टणक.
खाल्ल्या मिठाला जागणं म्हणतात ते हेच असेल
तर माझ्या ओळखीत अशी माणसं दोन,
फार तर तीन.
सायलेन्सर एक हिवाळा काढेल, टायरेल अंग झटकत म्हणाला,
बाकी गाडी तुझ्याआधी जात नाही.

केतकीच्या पोटात जुळी. घरात ओवी.
जूनमध्ये केतकीचे आईबाबा सहा महिन्यांसाठी.
सात माणसांची बेरीज
कोरोलात बसत नाही, कितीही आवरून बसलो तरी.
म्हणून मी आधी तिसऱ्या रांगेत जाऊन बसलो.
सीटच्या फटीत एक मेणखडू
वितळून घट्ट झालेला. जांभळा.
नखानं निघेना.

समोरच्या कप्प्यात वही.
प्रत्येक ऑइलबदल, तारीख, आकडा,
गोलसर बारीक अक्षर,
शेजारी कधीतरी दोन शब्द:
गारा.
हरीण, वाचलं.
मेगनचा दात पडला, मागच्या सीटवर.
एक लाख एक्केचाळीस हजारांपाशी अक्षर बदललं.
मोठं, तिरकं, नुसते आकडे.
मी पुढचं पान उलटलं नाही.
डेल गॅरेजच्या छताकडे बघत होता,
तिथे बघण्यासारखं काही नव्हतं.

घरून पाठ करून आणलेलं एक वाक्य होतं:
टायमिंग बेल्टचे सहाशे कमी करा.
ते मी म्हटलंच.
वही मिटल्यावरही म्हटलं.
मंडईत तयार झालेली जीभ, तिला लाज उशिरा कळते.
चारशे, तो म्हणाला,
आणि बर्फाचे टायर घेऊन जा, चारही,
इथे नुसती जागा अडते.

पावती त्यानं हातानं लिहिली.
तारीख चुकला. शुक्रवार घातला, कालचा.
निवृत्त माणसाला वार कुठला.
मी पेन पुढे केलं,
मग परत खिशात ठेवलं.

रात्री आईचा फोन. "शनिवारी?"
कागदावर शुक्रवार आहे, मी म्हटलं.
ती जरा वेळ गप्प.
"बरं. रंग कसलाय?"
धुतल्यावर सांगतो.

खाली ओवी डाव्या मागच्या दारावर
आतून थापा मारत होती.
डेलनं तिथलं चाइल्ड लॉक काढलंच नव्हतं,
त्याची नात आता कॉलेजात आहे.
मी बाहेरून उघडलं.

वहीत पुढची ओळ, तिसऱ्या अक्षरात:
१,८७,०३१. तेल ठीक.
डावं दार आतून उघडत नाही.
राहू दे.