काटा

शाळेच्या व्हरांड्यात आज वजनाचा दिवस.
सिमेंटवर काटा ठेवते, समोर रांग.
नुकुअलोफाहून आलेल्या कागदावर चौकोनच चौकोन:
उंची, वजन, कमरेचा घेर,
आणि शेवटी एक बारीकसा, शेरा.

लोपिनी मागे मागे सरकतोय. दहा वर्षांचा.
प्रत्येकाला म्हणतो, तू जा आधी.
शेवटी रांगच संपते.
मग चपला काढतो, घड्याळ काढतो,
खिशातली दोन नाणी, एक गोटी, अर्धी पेन्सिल
माझ्या टेबलावर मांडतो,
श्वासही तिथेच ठेवून
काट्यावर चढतो.

खिडकीत चार डोकी.
कोणीतरी जहाजाच्या भोंग्यासारखं ओरडतं.
मी काटा भिंतीकडे फिरवते.

तान्हा होता तेव्हा मीच टोचलं होतं त्याला.
काय बाळसं होतं! चर्चमधल्या बायका
गालगुच्चे घेत म्हणायच्या, सरदाराघरचं पोर दिसतं.
बाळसं कुठल्या दिवशी संपतं
आणि त्याचा शेरा होतो,
हे कागदावर कुठेच नाही.

"काल रात्री काय जेवलास?"
"नूडल्स. मी दोन पाकिटं, धाकट्यांना एकेक.
मीच करतो. आई हॉटेलातून नऊला येते."
"मासे?"
तो माझ्याकडे बघतो, मी त्याच्याकडे.
बाप होता तेव्हा पहाटे जाळं टाकायचा.
आता न्यूझीलंडात सफरचंदं तोडतो,
होडी नीरफणसाखाली पालथी.
त्या घरात माशाचा काटा अडकून
कोणी खोकलं, त्याला वर्षं झाली.

माझ्याकडे पत्रकं आहेत, सगळ्या आयांना द्यायची.
त्यावर गुळगुळीत लाल सफरचंद.
आमच्या दुकानात एका सफरचंदात
नूडल्सची चार पाकिटं येतात.
गठ्ठा मी तसाच कपाटात ठेवते.

"बाबा दर रविवारी फोनवर सांगतात, मोठा हो,"
लोपिनी म्हणतो, आकड्याकडे न बघता.
"झालो ना."

मला हसू येतं, मग येत नाही.

चपला काढते. काट्यावर चढते.
"वाच," म्हणते.
तो वाकतो, आकडा बघतो, मला बघतो,
खिडकीशी जाऊन ती चारही डोकी हाकलतो,
आणि कानाशी येऊन:
"कुणाला सांगणार नाही."

शेऱ्याच्या चौकोनात मावेना,
म्हणून कागद उलटा केला:
आईची शिफ्ट बदलेल का, हॉटेलात विचारणे.
टाकीचं पाणी खारट, मुलं लाल सोडा पितात, टाकी बघणे.
होडी.
पुढच्या वेळी एकेकाला आत बोलावणे, दार लावून.
वरच्या साहेबांना हे उपचारात मोडतं का, माहीत नाही.

शनिवारी ओहोटीला सुतार सेमिसी
त्याला आणि जाळ्याला घेऊन गेला.
तीन मासे मिळाले, तळहाताएवढे. खाणारी तोंडं चार.
रात्री नूडल्सही झाल्या असतील,
किती पाकिटं ते मी विचारलं नाही.

सोमवारी मी कुलूप उघडायच्या आधीच
लोपिनी दारात, आ वासून:
"काटा अडकलाय. इथे. बघा ना."
टॉर्च मारला. उजवीकडे, डावीकडे,
जिभेखाली. काहीच नव्हतं.

"आहे," तो म्हणाला, "मोठा आहे,"
आणि खोकत खोकत
सगळ्या वर्गाला सांगायला गेला.