लसूण सोलणारी बोटं

कोंढव्यात, पेट्रोल पंपामागच्या गल्लीत,
दुसऱ्या मजल्यावर आमचं ऑफिस.
दारावर पाटी: ‘बोटे स्वच्छ धुऊन, कोरडी करूनच आत यावे.’
मीच लिहिली, ऱ्हस्व-दीर्घ तपासून.
रांगेत मराठी वाचणारं कुणी नसतं.

अरवा अल-हकीमी, मूळ गाव ताइझ,
सध्या मिठानगर, खोलीला नंबर नाही.
हॉटेलांसाठी लसूण सोलते, किलोवर पैसे.
तीनदा अंगठा घेऊन
मशीनने तिलाच अंगठा दाखवला.
पुन्हा ठेवा.
लसणाने रेषा खाल्ल्यात तिच्या,
आणि मला त्या हव्यात,
पाच किलो कणीक, दोन किलो डाळ, लिटरभर तेलाच्या बदल्यात.

शेवटी करंगळी लागली. हिरवा दिवा.

मग संमतीचा कागद. खरं तर तो आधी,
पण रांग जिन्यापर्यंत होती.
चार पानं इंग्रजी. मी मोडक्या हिंदीत सांगतो,
ती मोडक्या हिंदीत ऐकते,
मध्ये कुठेतरी कायदा आहे.
संमती मुक्त असावी, कायदा म्हणतो;
दारात तिची मुलगी पिशवीकडे बघत उभी.
संमती मागे घेता येते, असंही म्हणतो.
तिथे तिने मला थांबवलं.
“मागे? मग माझी बोटं मला कोण आणून देणार?”

प्रशिक्षणात हा प्रश्न नव्हता.
वर मेल टाकली. उत्तर आलं: विनंती नोंदवली आहे.
सर्व्हर कुठे, कुणालाच नक्की ठाऊक नाही.
एक जण हैदराबाद म्हणाला, एक जण डब्लिन.
ताइझमध्ये, ती म्हणाली, माणसं यादी घेऊनच आली होती.
एकही दार चुकलं नाही.
भावाचं नाव तिने सांगितलं नाही.
फॉर्मात रकाना होता.

दर माणसामागे काच स्पिरिटने पुसायची, असा नियम आहे.
पुसण्यातलं एवढंच माझ्या हातात.
करंगळीचा धूसर डाग, लसणाचा वास,
एक फडका, गेलं.
गेलं ते काचेवरचं.

पुढच्या महिन्यात आली
तर दहाही बोटांना गडद मेंदी. ईद कधीच होऊन गेलेली.
मेंदी मशीनला चालत नाही
हे तिला कुणी सांगितलं, मी विचारलं नाही.
पुन्हा ठेवा, मशीन म्हणालं.
मी प्लग काढला.

पिशवी दिली. रजिस्टर उघडून शाईने लिहिलं:
मशीन बंद, वेळ बारा दहा.
खाली माझी सही,
शेजारी अंगठ्याचा चौकोन
तसाच कोरा.