अर्हता

पद : पर्यवेक्षक. जागा एक.
मानधनाचा आकडा टायपिंगवाल्या पोराने दोनदा खोडलाय.
समाजकार्यात पदव्युत्तर, गटकामाचा अनुभव पाच वर्षं,
त्यातली दोन बायकोला मारणाऱ्या पुरुषांसोबत.
'मारणाऱ्या' असं मी लिहिलं होतं.
समितीने केलं 'हिंसेशी संबंधित'.
संबंधित, म्हणजे लग्नात वरपक्ष असतो तसे.

धंतोलीच्या या खोलीत सकाळपासून सात जण येऊन गेले.
मेचा दुसरा आठवडा, पारा सेहेचाळीस.
कूलर असा घरघरतोय की
उमेदवाराचं अर्धं उत्तर खसाच्या ओल्या वासातच विरतं
आणि चिंचाळकर सर मान हलवतात, ऐकल्यासारखी.
कुणाकडे लॅमिनेट केलेलं प्रमाणपत्र,
कुणी राग आवरायच्या बारा पायऱ्या सांगितल्या.
मी विचारलं, मग तो साहेबावर का नाही चिडत?
त्याने पाणी मागितलं.

अकरा वर्षं मी मागच्या बाकावर बसले,
दर शनिवारी, पाचपावलीच्या समाजमंदिरात.
पुढे चौदा पुरुष, सतरंजीवर,
आणि गट चालवणारा आमचा प्रफुल्ल बारापात्रे.
पुरुषांकडे बघणं हे माझं काम नव्हतंच.
माझं काम प्रफुल्लकडे बघणं.

निमजे म्हणाला, "हात उठून गेला जी सर.
तिची जीभ तुमाले मालूम नाही."
सगळे हसले.
प्रफुल्लही. एवढंसं, ओठाच्या डाव्या कोपऱ्यात.
गुणी पोरगा. विद्यापीठाचं पदक आहे त्याच्याकडे.
ते हसू मी वहीत लिहिलं, वेळेसकट : पाच वाजून वीस.

नंतर टपरीवर म्हटलं, हात उठून गेला
तर गेला कुठे? मोरभवनला, बस पकडायला?
कर्ता कोण ते सांग.
तो म्हणाला, मॅडम, मी व्याकरणात कच्चा.
मीही कच्चीच. पण ढोमणे बाईंनी फळ्यावर लिहिलं होतं :
त्याने तिला मारले. भावे प्रयोग.
क्रियापद ना त्याच्या बाजूने, ना तिच्या,
तिऱ्हाइतासारखं उभं. नपुंसकलिंगी, एकवचनी.
दोन गुण मिळाले. ते घेऊन घरी गेलो आम्ही,
मी आणि धाकटी,
आणि बाहेरच्या पायरीवर बसून राहिलो
आतला आवाज थांबेपर्यंत.

निमजेच्या हजेरीवर सही माझी आहे.
चोवीसपैकी चोवीस.
त्यानंतर महिन्याभराने त्याच्या बायकोला फोन केला,
जो आधी करायचा होता.
"मारत नाही जी आता," ती म्हणाली.
"पयले कूलर फुल करे, मंग मारे,
शेजाऱ्याईले ऐकू नाही गेलं पायजे म्हून.
आता फुल करते
अन् माह्याकडे पाहत बसते."
मग म्हणाली, "हिवाळा आला का बरं वाटन."
मी वहीत काय लिहिणार?
वहीत रकाना होता : सुधारणा, आहे किंवा नाही.

आठवी उमेदवार रंजिता उइके, देवलापारची.
अनुभव अठरा महिने कमी.
पिशवी मांडीवर घेऊन बसली,
पहिला प्रश्न पुरता व्हायच्या आधी म्हणाली,
"हे बंद करता का? ऐकू येत नाही मला."

शिपायाने बटण दाबलं.
चिंचाळकर सरांनी रुमाल काढला.
गरम हवा खिडकीतून आत आली, पाहुण्यासारखी,
आणि पहिल्यांदा आम्हाला एकमेकांचे श्वास ऐकू आले,
कुणाचा किती चढलेला, ते.

शेऱ्याच्या रकान्यात मी लिहिलं :
कूलर बंद करायला सांगितला.
सर वाकून वाचत म्हणाले,
मॅडम, ही काही अर्हता नाही.
पाती अजून फिरत होती, सवयीने,
आणि खालच्या ट्रेमध्ये पाणी ठिबकत होतं.