एक काडी जास्त

पोव्होआच्या धक्क्यावर उतरलो तेव्हा
माझ्याकडे बेचाळीस स्लाइड होत्या
आणि पोर्तोहून येताना मेट्रोत घोकलेलं एक वाक्य:
तुमचा ब्रँड म्हणजे तुमचीच गोष्ट.

देओलिंदाबाईंनी ऐकून घेतलं.
मधेच उठून बॉयलरचा काटा बघून आल्या,
हात एप्रनला पुसत पुन्हा बसल्या.
"हं. पुढं?"

माझ्याआधी दोघं येऊन गेले होते.
लिस्बनची कंपनी: चार माणसं, चौघांचे चष्मे सारखे.
त्यांनी सार्डिनला 'अनुभव' म्हटलं
आणि जो आकडा सांगितला
त्यात नवा बॉयलर आला असता, बसवून.
दुसरा भाचा, तेल्मू.
त्यानं एका रात्रीत लॅपटॉपवर साठ चिन्हं काढली, फुकट.
अकरांत मासा उलटा पोहत होता.
एकात तो मासा नव्हताच, डॉल्फिन होता.

मी मधला. ना महाग, ना फुकट.
मनात म्हटलं, काम आपलंच.

स्लाइड एकोणतीस.
त्यांच्या डब्यावर जुनी खूण होती, कोळ्यांच्या घराण्याची:
एक फुली, तिच्या पायाशी आडवी रेघ,
आणि कडेला, उगाच राहून गेल्यासारखी,
एक तिरकी काडी.
लिहिता न येणाऱ्यांनी ती होडीवर कोरली,
जाळ्याच्या बुचावर,
वाण्याच्या उधारीच्या वहीत.
मी ती घासूनपुसून सरळ केली.
काडी काढून टाकली.
"बघा, आता कशी सुटसुटीत."

बाई हसल्या. आधी पोटात,
मग इतक्या मोठ्यानं
की डोकी कापणाऱ्या बायकांच्या सुऱ्या थांबल्या.
"पोरा, तू माझा धंदा
माझ्या भावाला देऊन टाकलास."

टेबलावर मीठ सांडलं होतं, त्यात बोटानं काढून दाखवलं.
बापाची कोरी खूण धाकट्याची.
थोरल्यांनी आपापली काडी वाढवायची.
"मुलींना कोण विचारत होतं?
मी थोरली. मीच घेतली.
नोर्बेर्तू विगोला गोठवलेले झिंगे विकतो,
कोऱ्या खुणेखाली.
ही काडी, ती मी."

एक काना गाळला की शब्द फिरतो,
एवढं मला कळायला हवं होतं.
अक्षरांवरच तर पोट आहे माझं.

लॅपटॉप मिटला.
त्या दिवशी पहिल्यांदा प्रश्न विचारला:
"होडी कोण रंगवतं तुमची?"
"झेफेरिनू. रंगवताना बोलत नाही,
झाल्यावर थांबत नाही."

मग एका बिलाच्या पाठीवर लिहून दिलं.
खूण झेफेरिनूकडून घ्या, पैसे नीट द्या,
तो मागेल त्याच्या दुप्पट.
तारीख मोठी छापा,
म्हाताऱ्यांना चष्म्याविना वाचता येईल अशी.
लिस्बनवाले नकोत.
भाच्याला स्टॉकच्या नोंदींना बसवा, हुशार आहे, फक्त मासे काढू देऊ नका.
आणि मी...
इथं पेन अडलं.

"तुला काय येतं?" बाईंनी विचारलं.
"स्लाइडमधलं नको. खरं सांग."
"अक्षरं," मी म्हटलं.
"खरं तर अक्षरंही नाही.
दोन अक्षरांमधली जागा."
"मग तेवढंच कर."

तेवढंच केलं.
दोन दिवसांचं काम, एका आठवड्याचा पगार,
वर चोवीस डबे, टोमॅटोतले.
ऑफिसात साहेबांनी विचारलं, बाकीचे एक्केचाळीस कुठं गेले?
मी एक डबा पुढं सरकवला.
ते खाताना काही बोलले नाहीत.

परवा बोल्याँवच्या बाजारात तो डबा दिसला.
उचलला, दिव्याखाली धरला.
डी आणि ई यांच्यात
केसभर जागा जास्त सुटली आहे.
कुणाच्या लक्षात येणार नाही. माझ्या आली.

काडी मात्र जागेवर आहे,
ब्रशच्या एका फटक्यात मारलेली, टोकाला जरा फाटलेली.
तिला हात लावायची
माझी टाप नाही.