मोजणी

डिचोलीच्या मोजणी कचेरीत एकतीस वर्षं
मी लोकांना हद्दी दाखवत आलो.
इथून तुमचं, तिथून त्याचं,
मधला माड दोघांचा, नारळ पडेल त्याचा.
भांडण मिटायचं नाही, पण कागद उलगडला की
माणसं घटकाभर गप्प व्हायची.

माझ्या आईच्या कागदावर बापाच्या जागी
दोन शब्द होते: पाय इन्कॉग्नितु.
लहानपणी वाटायचं, कुणा साहेबाचं नाव असेल.
इन्कॉग्नितु. ऐकायला भारदस्त.
शाळेत एकदा सांगूनही टाकलं.
मास्तर खिडकीबाहेर बघत राहिले.

आजी, केसर, देवळात समया उजळायची.
आजीचं काही विचारलं की आई तांदूळ निवडायला घ्यायची,
निवडलेलेच, पुन्हा.

मग शर्वाणीने नळी आणली.
थुंका, बाबा, या रेघेपर्यंत.
डॉक्टरांना घराण्यातले आजार हवेत
आणि आपली अर्धी बाजू कोरी.
सहा आठवड्यांनी निकाल: जवळचं कोणी नाही.
लांबचे सतराजण, त्यात कारवारचा एक दंतवैद्य.
त्याने उत्तर दिलं नाही.

एकाच बाजारात बसून कसं चालेल, ती म्हणाली.
बुधवारी डिचोलीला न आलेला माणूस
शुक्रवारी म्हापशात सापडतोच की.
तीच फाइल उचलून तिने दुसरीकडे ठेवली, तिसरीकडे ठेवली.
प्रत्येक ठिकाणी एक चौकोन: मी सहमत आहे.
मी टिचकी मारली.
थुंकी माझी होती.
गप्प राहणं मात्र त्या दोघींचं,
आणि त्यांच्यासाठी चौकोन नव्हता.

चवथीच्या आदल्या दिवशी, मी शिडीवर,
माटोळीला सुपाऱ्यांचा घोस बांधत असताना
खालून तिने ओरडून सांगितलं:
एर्मेलिंदा कुलासो, जन्म लोरेन्सु मार्किश, मुक्काम लिस्बन,
चारशे सत्तेचाळीस सेंटिमॉर्गन.
हे कसलं माप? वार, हात, की साखळी?
आतेमामे भावंडं, बाबा, पण अर्धी.
आजोबा एक, आज्या दोन.
सुपाऱ्या हातातच राहिल्या.

माझं पोर्तुगीज नकाशापुरतं.
तिचं पत्र शर्वाणीने फोनकडून मराठी करून घेतलं.
'माझा आजोबा जमिनी मोजायचा.
म्हातारपणी झोपेत हात हलायचे त्याचे,
साखळी ओढावी तसे,
आणि एक शब्द पुटपुटायचा, वात्सार.
आम्हाला वाटे, तो आफ्रिकेतला.
तिथले म्हणत, तुमच्या गोव्यातला.
तुम्हाला माहीत आहे का?'
खाली त्याचं नाव. जुझे मार्यानु.

नाव मला नवं नव्हतं.
तळच्या कपाटातला अठरा नंबरचा नकाशा,
उजव्या कोपऱ्यात वाळवीने कुरतडलेली सही.
एकतीस वर्षं मी तिच्यावरच काचेचा गोळा ठेवत आलो,
कागद गुंडाळला जाऊ नये म्हणून.
देवळामागची बाग मोजली होती त्याने.
विहीर दाखवली, दोन फणस, एक पायवाट,
आणि कडेची एक खोली,
जिला क्रमांक दिलेला नाही.
असा एखादा क्रमांक राहून गेला
की आम्ही मोजणीदाराची चूक म्हणून शेरा मारतो.
मीही मारलाय. तांबड्या शाईने.

तिला काय कळवायचं ते सुचेना.
डॉक्टरांचं तेवढं आधी विचारून घेतलं:
आजोबाला साखर होती का?
होती, ती म्हणाली, शेवटी डोळेही गेले.

विसर्जन झालं, पाहुणे गेले,
तेव्हा लिहायला बसलो.
तो एक शब्द नव्हे, बाये, दोन आहेत.
वात सार.
दिवा मंद झाला की
तेलातली वात बोटाने जरा पुढे ढकलायची,
आणि तसं कुणीतरी कुणाला तरी सांगायचं.
एवढंच.
बोटाला काजळी लागते.